डाव्या पंखावरची पट्टी

११ जानेवारी १९७३

आज विमान आलं. लिहितानाही कसंतरी वाटतं. लोकांच्या घरी फ्रीज येतो, स्कूटर येते.

कन्हानहून कोळसा वाहणारा आमचाच ट्रक होता. धुऊन घेतला होता म्हणे, पण दोरांनी बांधलेलं ते धड आणि शेजारी निजवलेले दोन पंख, सगळं काळवंडलेलं. थेट सोनेगावच्या विमानतळावर न्यायचं सोडून ह्यांनी ट्रक आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीत घातला. मला दाखवायला. स्वतः वर उभे राहून हात हलवत होते. सगळी गल्ली गोळा झाली.

समोरच्या प्रयागबाई गच्चीवरून ओरडल्या, "काय वं प्रेमलता, कोणाचा मांडव उपटून आणला गिरिधररावांनी?"

सगळे हसले. हेही हसले. मी आत गेले आणि मेथी निवडत बसले. ट्रक गेल्याचा आवाज आला तेव्हा पाहिलं तर पानं बाजूला टाकून मी देठच टोपलीत भरले होते.

१९ जानेवारी

हे रागावले नाहीत. त्याचंच वाईट वाटतं. आज जेवताना सगळं नीट समजावून सांगितलं, जणू मी विचारलं होतं.

दुसऱ्या प्रांतातला एक फ्लाइंग क्लब बंद पडला. तिथे हे विमान कित्येक वर्षं नुसतं उभं होतं. दोन माणसं बसतील एवढंच. त्याची जुनी नोंदणी रद्द झाली आहे. आता अंगावरचं सगळं कापड उतरवायचं, आतली लाकडी हाडं तपासायची, नवं कापड चढवायचं. मग मुंबईहून सरकारी तपासणीचे साहेब येणार. त्यांनी उडायला योग्य म्हटलं तर विमान ह्यांच्या नावावर नोंदलं जाणार.

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर भंगार," हे म्हणाले, आणि भाकरी मोडता मोडता थांबले. "विमानतळावरच्या हँगरमधली जागा उन्हाळ्यापुरतीच आहे. अंगणात थोडंच ठेवता येतं ते?"

विमान चालवायला हे चाळिशी उलटल्यावर शिकले. सकाळी सकाळी सोनेगावला जात. कोणी विचारलं तर मी सांगायची, ट्रकच्या कामाला गेलेत.

३ फेब्रुवारी

भैय्याजी घरी आले होते. विमानांचं लायसन असलेले इंजिनीयर. त्यांची सही झाल्याशिवाय साहेब विमानाकडे बघणारसुद्धा नाहीत. पंखाचं कापड शिवणारा त्यांचा जुना माणूस मुलाकडे रायपूरला निघून गेला. ह्यांनी लगेच माझं नाव पुढे केलं.

"वहिनी, ब्लाउज नाही हा," भैय्याजी म्हणाले. "टाका सुटला तर वर कापड फाटते, अन् मंग आम्ही खाली रडत बसतो."

"मी शिवण शिकवते, भैय्याजी. वीस मुली आहेत क्लासला."

"मंग आता तुम्ही शिका."

मला राग आला, आणि रागाच्या भरात मी हो म्हणून बसले. सोबत वच्छलाला घेईन म्हणाले. माझ्या क्लासमधली सगळ्यात सरळ टाक्याची बाई. नवरा खाणीतल्या अपघातात गेला, तेव्हापासून तलावामागे आईजवळ एका खोलीत राहते. आमच्या गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज, परकर शिवून दोघींचं चालवते. मी तिला कधी परकी मानली नाही.

१२ फेब्रुवारी

पहिला दिवस. हे आणि मी स्कूटरवर गेलो. वच्छला बसने आली, आमच्याआधीच पोचून हँगरच्या दारात उन्हात उभी होती. आत कोणी घेतलं नव्हतं.

भैय्याजींनी हात पुढे करायला लावले, शाळेत नखं बघतात तसे. "डोक्याले तेल नाही. हाताले तेल नाही. पावडर नाही, मेंदी नाही. तेल लागलं का वरचा लेप कापडाले धरत नाही. सांगून ठेवतो, मंग मले दोष नको." मग माझ्या बांगड्यांकडे बघून म्हणाले, "त्या राहू द्या वहिनी, कापड गुंडाळा वरून." वच्छलाच्या हातात काही नव्हतंच. तिला मात्र न्हाऊन ये म्हणाले.

"मी न्हाऊन आली जी," वच्छला म्हणाली.

"अजून एकदा न्हा उद्या. साबणानं."

ती हसली. मीही हसले.

१८ फेब्रुवारी

असं शिवण मी कधी केलं नव्हतं. पंख कडेवर उभा करतात, भिंतीसारखा. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला वच्छला. मेण चोळलेला दोरा, वीतभर लांब सुई. मी सुई टोचते, ती आतल्या लाकडी फासळीला लागून पलीकडे जाते, वच्छला ओढून घेते, गाठ मारते, परत माझ्याकडे पाठवते. मधे कोरं कापड, ती दिसत नाही. फक्त सुईचं टोक दिसतं, आणि "हं" ऐकू येतं. दोरा पुरेसा ताणला गेला की ती "हं" म्हणते.

जेवताना ती म्हणाली, "बाई, आपून दोघी किती बोललो आज! अन् एकही शब्द नाही."

मला हे फार आवडलं. लिहून ठेवावंसं वाटलं म्हणून लिहिलं.

२७ फेब्रुवारी

पंख शिवून झाले. उजव्या पंखावर पातळ लेपाचा पहिला हात फिरलासुद्धा. तो वाळताना कापड असं आवळतं की बोटाने टिचकी मारली तर डग्ग्यासारखं वाजतं. सगळ्या हँगरभर पिकलेल्या केळ्यांसारखा वास.

दुपारी क्लबमधली माणसं बघायला येऊन गेली. "वा, नवरीच आहे." "गिरिधरराव, हे उडणार का खरंच?" एकाने कापडावरून हात फिरवला, एकाने मान हलवली, एक नुसताच बघत राहिला. मला त्याची नजर आवडली नाही.

ते गेल्यावर मी डाव्या पंखापाशी आले. अजून लेप लागायचा होता. पांढरंशुभ्र, ताणलेलं, कोवळं कापड. काय झालं मला ठाऊक नाही. पर्समधून काजळाची डबी काढली आणि खालच्या बाजूला, मुळाशी, जिथे टाक्यांवर लेपाने कापडी पट्टी चिकटवायची होती तिथे एक ठिपका लावला. लहानच. दिसणार नाही असा.

आमच्या घरात तीट लावायला कोणी झालं नाही. असो.

वच्छला वरच्या बाजूने फिरून आली. माझा हात हातात घेतला आणि पदराने माझं बोट पुसलं. "शाई लागली का जी?" म्हणाली. मी हो म्हटलं. बिचारीला काय कळणार.

१४ मार्च

आज साहेब आले. तपासणी झाली. विमान नापास.

सगळं ठीक चाललं होतं. इंजिन बघितलं, चाकं, आतल्या तारा. टाके बघून साहेब म्हणाले, "हे काम कुणाचं? छान आहे." हे माझ्याकडे बघून हसले. मग साहेब डाव्या पंखाखाली वाकले, एका पट्टीच्या कडेला नख लावलं, आणि पट्टी सालासारखी उचलून आली. खाली पसरून तपकिरी झालेला डाग.

भैय्याजींनी डागाला बोट लावलं, वास घेतला. चेहरा उतरला त्यांचा. "तेल," ते म्हणाले.

साहेब शांतपणे म्हणाले, "एक पट्टी सुटली म्हणजे बाकीच्यांवर विश्वास कसा ठेवू? सगळ्या काढा, कापड साफ करा, परत लावा. मग बघू." आणि हात पुसून निघून गेले.

ते जाताच भैय्याजी वच्छलावर गरजले. "काहून वं? सांगितलं नव्हतं तुले? तुमच्यासारख्या बाया आंघोळ करून डोक्यावर अर्धी बाटली ओततात! माझं लायसन गेलं असतं आज! हो बाहेर. कापडाजवळ दिसायची नाही मले."

वच्छलाचे केस कोरडे होते. महिनाभर तिने तेल लावलं नव्हतं, कुंच्यासारखे झाले होते केस. ते सगळ्यांना दिसत होतं. तिने भैय्याजींकडे बघितलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती. बराच वेळ. मला वाटतं, मी तिच्या बाजूने चार शब्द बोलावे असं तिला वाटत असेल. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पट्टी बोटांत धरून उभे होते.

ती पिशवी घेऊन गेली.

त्या बाजूला त्या दिवशी कोण उभं होतं, हे कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

१५ मार्च

विचारलं असतं तरी सांगितलं नसतं.

काजळ मी घरीच धरते. तुपाच्या दिव्यावर. त्यात काय असतं ते मला कोणी सांगायला नको. तूप लावायचं नाही असं भैय्याजी म्हणाले नव्हते, फक्त तेल म्हणाले होते. काल रात्रभर मी स्वतःला हेच सांगत होते. किती हलकं आहे हे, लिहिल्यावर दिसतं.

१९ मार्च

वच्छला क्लासला आली नाही. मी तिच्याकडे माझी अबोली रंगाची साडी पाठवली, जेमतेम दोनदा नेसलेली. संध्याकाळी साडी परत आली. घडी माझ्यापेक्षा सुबक घातलेली.

२१ मार्च

प्रयागबाई सहज आल्यासारख्या आल्या. "काय वं, विमान नापास झालं म्हणतात? वच्छलानं तेलाच्या हातानं कापड खराब केलं म्हणे. बरं झालं समजलं. माझं रेशमी खणाचं कापड तिच्याकडे पडून होतं, घेऊन आली मी. रुख्मिणीनं पण घेतलं परत. कोणाचा भरोसा, नाही का?"

मी म्हटलं, "चहा घेणार?"

चहा केला. साखर जास्त पडली. तरीही बोलले नाही.

२४ मार्च

शेवटी ह्यांना सांगितलं. गच्चीवर, कपडे वाळत घालताना, म्हणजे मधे चादर होती.

चादरीपलीकडून हे म्हणाले, "बरं झालं तेव्हा नाही बोललीस. साहेबांसमोर काय राहिली असती माझी? विमान घेतो आणि बायको काजळ लावते."

मला सुटल्यासारखं वाटलं. खरंच वाटलं. मग दिवसभर त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच लाज वाटत राहिली.

२८ मार्च

ह्यांना न विचारता हँगरवर गेले आणि भैय्याजींना सांगून टाकलं. ह्यांच्यासह चारपाच जण होते. मला वाटलं, आता आभाळ कोसळेल.

भैय्याजी हसायला लागले. पोट धरून. "अरे वा वहिनी! विमानाले तीट! काय बाईमाणसाचं मन असते पहा, गिरिधरराव! आईचं मन!" मग मधेच त्यांना आठवलं की आम्हाला मूल नाही, आणि ते घाईघाईने म्हणाले, "चहा बोलवा वहिनीसाठी." सगळे हसत होते. कोणी म्हणालं, आता इंजिनाला हळदकुंकू लावा. कोणी म्हणालं, साहेबांना सांगायला हवं, फार मजा येईल. हेही हसले, जरा उशिरा.

चहा आला. बिस्किटं आली. मीही हसले.

स्कूटरवर परत येताना अजनीपाशी लक्षात आलं, वच्छलाचं नाव कोणी घेतलं नाही. मीसुद्धा नाही.

३० मार्च

तिच्या खोलीवर गेले. पहिल्यांदाच. दाराशी मशीन, त्यावर काही नाही, नुसतं झाकण. आई आत खोकत होती.

मी सांगितलं की मी सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. वाटलं, ती रडेल, किंवा माझे हात धरेल.

"काय म्हणले मंग?" तिने विचारलं.

"हसले."

"हसले?"

"हो. भैय्याजी म्हणाले... जाऊ दे. हसले."

वच्छलाने मशीनच्या झाकणावरची धूळ बोटाने पुसली. "मले तर हाकललं," ती म्हणाली. "तोच हाय ना जी डाग? तोच?"

मी मान हलवली.

"मले माहीत होतं बाई. मीच पुसलं ना तुमचं बोट. काजळाचा वास नाही समजत का मले?"

"मग तू बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही बोलान म्हणून थांबली होती मी."

तिने पाणी दिलं. मी प्यायले. निघताना मी म्हटलं, परत ये, भैय्याजी आता काही म्हणणार नाहीत. ती म्हणाली, "मी तिथं नव्हती तेव्हा सांगितलं तुम्ही. मी होती तेव्हा नाही. आता मी राहीन तेव्हा सांगा."

६ एप्रिल

आज साहेब परत आले. वच्छलाला मी स्वतः घेऊन गेले, सायकल रिक्षात शेजारी बसवून. ह्यांना आधी सांगितलं नव्हतं. आम्हा दोघींना दारातून येताना बघून ह्यांचा चेहरा कसा झाला, ते मी कधी विसरणार नाही. मला गल्लीत ट्रकवर उभे असलेले हे आठवले. तेव्हा मी आत गेले होते; आज ह्यांना आत जायला जागा नव्हती.

साहेब नव्याने लावलेल्या पट्ट्या तपासत होते. मी म्हटलं, "साहेब, मागच्या वेळचा डाग माझा होता. काजळाचा. ह्या बाईंचा त्यात काही दोष नाही. ह्यांना इथून हाकललं, तेव्हा मला माहीत होतं आणि मी गप्प बसले."

आज कोणी हसलं नाही. त्याच काजळावर आठवड्यापूर्वी बिस्किटं आली होती.

"ते झालं ना वहिनी," भैय्याजी माझ्याकडे बघत पुटपुटले. "चूक झाली. आता काय त्याचं..."

"कोणाची जी?" वच्छला म्हणाली. "अन् मले सांगून राहिले का बाईले? इकडं पाहून सांगा ना, भैय्याजी."

भैय्याजींचा चेहरा लाल झाला. पण माणूस खोटा नाही. वळले. "माझी चूक झाली बाई. मी विचारलं नाही, अन् बोललो."

"हं," वच्छला म्हणाली. अगदी पलीकडून दोरा ओढल्यावर म्हणायची तसं.

साहेबांनी पंख टिचक्या मारत तपासला. मग म्हणाले, "कागद तयार करा." विमान पास झालं. ह्यांनी मान खाली घातली, मला वाटलं रडतील. माझ्याकडे मात्र बघितलं नाही. घरी आल्यावरही बोलले नाहीत.

परत येताना रिक्षात मी वच्छलाला म्हटलं, सोमवारपासून क्लासला येशील ना?

"अन् गल्लीतल्या बाया?" ती म्हणाली. "त्यांनी कापडं नेली ना माझ्याकडची. हँगरमधले लोक थोडीच ब्लाउज शिवतात माझ्याकडे?"

२२ एप्रिल

नोंदणीचा कागद आला. ह्यांच्या नावाचा. चार वेळा मला वाचून दाखवला. बोलणं तेवढ्यावरून परत सुरू झालं. आज पहिलं उड्डाण. मी मैदानावर यावं असं ह्यांना फार वाटत होतं. मी म्हटलं, मला काम आहे. भीती वाटते माझ्या बायकोला, असं हे फोनवर भैय्याजींना सांगत होते. सांगू दे.

मी सकाळपासून दारोदार फिरते आहे. प्रयागबाईंकडे आधी गेले. त्या हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "तू पण ना, वं!" मी हसले नाही. म्हटलं, "खणाचं कापड परत वच्छलाकडे न्या." नेते म्हणाल्या. नेतील की नाही, उद्या परत विचारीन. बाकीच्या घरी तेच. एकीने दारातच ऐकलं, एकीने आत बोलावून सगळ्यांसमोर परत सांगायला लावलं. दर वेळी वाटतं, या वेळी सोपं जाईल. जात नाही.

शेवटचं घर रुख्मिणीबाईंचं. त्यांच्या तीन सुना, सासू, शेजारीण, सगळ्या ओसरीवर पापड लाटत होत्या. मी सुरुवात केली, "वच्छलाबद्दल एक सांगायचं होतं," आणि वरून आवाज आला.

सगळ्या लाटणी टाकून अंगणात धावल्या. तलावावरून ते येत होतं, छोटंसं, पंख वर धरून, उन्हात चकाकत. आमच्या गल्लीवर आलं आणि एका अंगावर कललं. सुना उड्या मारत होत्या. रुख्मिणीबाईंनी माझा दंड धरला. "तुमचंच ना वं? गिरिधरराव हायेत ना आत? पहा तरी वर! हात करा ना!"

मी वर पाहिलं. फार सुंदर दिसत होतं. हात मात्र केला नाही. दुसरी फेरी झाली, तिसरी झाली. मी अंगणात उभी राहून आवाज जायची वाट बघत होते.

मग तो गेला. बायका परत पापडांपाशी बसल्या, अजून वरच बघत. रुख्मिणीबाई म्हणाल्या, "हं, काय सांगत होत्या तुम्ही?"

मी पहिल्यापासून सुरुवात केली.